१५ ऑगस्टच्या दिनविशेषात वामनदादा का नसतात?

रोज सकाळी मोबाईल उघडला की चार-पाच ग्रुपवर 'आजचा दिनविशेष' येऊन पडलेला असतो. कोण जन्मले, कोण वारले, कोणता सिनेमा लागला, कोणती रेकॉर्ड गाजली. आमच्या सेलूतल्या ग्रुपवरही तो येतो. तयार कोण करतं ते कुणाला ठाऊक नसतं, पुढे मात्र सगळेच ढकलतात. १५ ऑगस्टला गाण्या-बजावण्याचं वेगळं पान असतं. त्यात बिस्मिल्ला खाँ यांची सनई असते, 'शोले' असतो, बीटल्स असतात, वुडस्टॉक असतं. वामनदादा कर्डक नसतात. आणि वामनदादांचा जन्मच मुळात १५ ऑगस्टचा, १९२२ सालचा.

"एवढ्या तेवढ्यावरून कशाला वाद?" असं कुणी म्हणेल. वाद एका नावाचा असता तर मीही गप्प बसलो असतो. कोणत्या तारखेला काय आठवायचं हे कोण ठरवतं, हा खरा प्रश्न आहे. ज्या माणसांच्या जन्मतारखाच शाळेच्या दाखल्यावर अंदाजे टाकल्या गेल्या, त्या समाजाला हा प्रश्न किरकोळ वाटून चालणार नाही.

आधी त्या यादीकडे नीट पाहू. यादीतली माणसं आपली शत्रू नाहीत, त्यातली काही तर आपली सख्खी आहेत.

१४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री संविधान सभेचं ऐतिहासिक सत्र भरलं तेव्हा कामकाजातली पहिली बाब गाण्याची होती. सुचेता कृपलानी यांनी 'वंदे मातरम्'चं पहिलं कडवं गायलं आणि मग भाषणं सुरू झाली. म्हणजे या देशाच्या स्वातंत्र्याची सुरुवातसुद्धा गाण्याने झाली. बाबासाहेब त्या संविधान सभेचे सदस्य होते, आणि पंधरा दिवसांत, २९ ऑगस्टला, मसुदा समिती नेमली गेली. गाणं आणि संविधान यांच्यात अंतर इतकंच.

१५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सचा कार्यक्रम झाला. ५५ हजारांहून जास्त लोक. गाणं चाललं जेमतेम अर्धा तास, आणि पोरींच्या किंकाळ्यांत गाणाऱ्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येईना. १५ ऑगस्ट १९७५ ला 'शोले' लागला. राहुल देव बर्मन यांचं संगीत आणि आनंद बक्षी यांची गाणी खेड्यापाड्यात पोचली. हे सगळं लोकप्रिय आहे, नोंदवायला हरकत नाही.

आता १५ ऑगस्ट १९६९ बघा. न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल गावी एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या रानात वुडस्टॉकचा महोत्सव सुरू झाला. चार लाखांच्या आसपास तरुण जमले. रस्ते इतके तुंबले की कलाकारच मंचापर्यंत पोचेनात. मग हजर असलेल्या रिची हेवन्स या काळ्या गायकाला पुढे केलं. तो गात राहिला, दुसरे कलाकार काही आले नाहीत, त्याची सगळी गाणी संपली. तेव्हा त्याने गिटारवर 'फ्रीडम' हा एकच शब्द घोळवायला सुरुवात केली आणि त्याला गुलामीच्या काळातलं, आईपासून तुटलेल्या लेकराचं एक जुनं गाणं जोडलं. गोऱ्या तरुणाईच्या सगळ्यात मोठ्या जत्रेचं उद्घाटन गुलामांच्या नातवंडाच्या गाण्याने झालं. ठरवून नाही, नाइलाजाने. पण झालं, आणि नोंदलं गेलं. कॅमेरे होते, ध्वनिमुद्रण होतं, पुढच्याच वर्षी सिनेमा निघाला.

याच तारखेचा आणखी एक माणूस आपल्या पोरांनी माहीत करून घ्यायला हवा. ऑस्कर पीटरसन. जन्म १५ ऑगस्ट १९२५, कॅनडातल्या माँट्रियलचा. आई-बाप वेस्ट इंडिजमधून आलेले. बाप रेल्वेत पोर्टर. गोऱ्या प्रवाशांचं सामान उचलायचं, त्यांच्या गाद्या घालायच्या. त्या काळी तिथल्या काळ्या माणसाला जी थोडी बरी नोकरी मिळे, ती ही. त्या पोर्टरने पोरांना संगीत शिकवलं. त्याचं एक पोरगं पुढे जगातल्या अव्वल जॅझ पियानोवादकांत गणलं गेलं. १९६२ मध्ये त्याने 'हिम टू फ्रीडम' ही रचना केली, आणि अमेरिकेतल्या काळ्यांच्या नागरी हक्कांच्या लढ्याशी ती कायमची जोडली गेली.

पीटरसनच्या तीन वर्षं आधी, त्याच तारखेला, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात देशवंडी गावी वामन तबाजी कर्डक जन्मले. घरी शाळा नाही, पाटी नाही. मुंबईला आले, गिरणीत राबले, पोटासाठी मिळेल ते केलं. अक्षरओळख झाली तीही वयात आल्यावर, चाळीत. आणि ती झाल्यावर या माणसाने जी लेखणी धरली ती २००४ च्या मे महिन्यात, १५ तारखेला, डोळे मिटेपर्यंत सोडली नाही. हजारो गाणी लिहिली. गावोगाव पायी, एसटीने, रेल्वेने फिरून गायली. बुद्ध, कबीर, फुले, बाबासाहेब, शेतमजूर, बाई, दारू, हुंडा, मतपेटी. चळवळीला ज्या ज्या विषयावर बोलायचं होतं त्याचं गाणं करून दिलं.

ज्या दिवशी देश स्वतंत्र झाला त्या दिवशी हा माणूस बरोबर पंचवीस वर्षांचा झाला. रौप्यमहोत्सवी वाढदिवस आणि स्वातंत्र्य एकाच सकाळी. सिनेमावाल्याने अशी गोष्ट रचली असती तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच झालं. इथे ती खरी आहे आणि कुणाच्या पानावर नाही.

आता आमच्या सेलूचं सांगतो. १५ ऑगस्ट १९४७ ला सेलू स्वतंत्र नव्हतं. परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दिल्लीत सोहळा चालला तेव्हा इकडे तिरंगा फडकावणं गुन्हा होता आणि पुढचे तेरा महिने रझाकारांचे होते. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा घुसल्या आणि १७ सप्टेंबरला संस्थान शरण आलं. म्हणून आमच्या भागात झेंडावंदनं दोन, एक देशाचं आणि एक मराठवाड्याचं. या काळात बाबासाहेबांनी घेतलेली भूमिका आपल्या पोरांना पाठ असली पाहिजे. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी संस्थानातल्या अस्पृश्यांना जाहीरपणे बजावलं की निजामाची बाजू घेऊ नका, भारताच्या शत्रूला साथ देऊन समाजाला बट्टा लावू नका. जे आज आपल्याला देशप्रेमाचे धडे द्यायला येतात, त्यांना हे पत्रक वाचून दाखवावं.

आणि याच जिल्ह्याचं दुसरं १५ ऑगस्ट म्हणजे १९७२ चं. त्या वर्षी मे महिन्यात परभणी जिल्ह्यातल्याच ब्राह्मणगावात पाण्यावरून आपल्या बायांची विटंबना झाली. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाला 'साधना'ने विशेषांक काढला. त्यात राजा ढाले यांनी 'काळा स्वातंत्र्यदिन' लिहिला आणि विचारलं की राष्ट्रध्वजाच्या अवमानाला जी शिक्षा आहे तिच्यापुढे बाईच्या अब्रूवर हात टाकणाऱ्याची शिक्षा एवढी किरकोळ कशी? महाराष्ट्र हादरला. पँथर घराघरात पोचली. ज्या बायांवरून हा सवाल उभा राहिला, त्या आमच्या जिल्ह्यातल्या होत्या. म्हणून १५ ऑगस्ट हा दिवस आमच्यासाठी केवळ जिलेबीचा नाही. त्यावर आनंदही आहे, थकबाकीही आहे. आणि ही थकबाकी गाण्यात मांडणारा माणूस त्याच दिवशी जन्मलेला आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत स्वातंत्र्यदिनाच्या गाण्यांची निवड चालली होती. वस्तीतल्या एका मुलीने वामनदादांचं गाणं निवडलं. देशातल्या बड्या धनवानांची नावं घेऊन, या संपत्तीत आमचा वाटा कुठे आहे असा हिशेब मागणारं ते गाजलेलं गाणं. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं. तिथल्या गुरुजींनी ऐकून घेतलं, चांगलं म्हणतेस म्हणाले, आणि मग म्हणाले, "बाळा, हे १४ एप्रिलला म्हण." रागावून नाही, अगदी मायेने. पोरगी माझ्याकडे आली आणि तिने विचारलं, "दादा, हे गाणं देशाचं नाही का?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा तिला दिलं, इथे सविस्तर देतो.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी संविधान सभेला सांगितलं की २६ जानेवारी १९५० ला आपण एका विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकतो आहोत. राजकारणात समता असेल, एका माणसाला एक मत असेल. सामाजिक आणि आर्थिक जीवनात मात्र विषमताच असेल. ही विसंगती लवकरात लवकर दूर केली नाही तर विषमतेने होरपळलेले लोक हा लोकशाहीचा डोलारा उधळून लावतील. वामनदादांचं ते गाणं म्हणजे याच भाषणाचा शेतमजुराच्या भाषेतला अवतार आहे. संविधान सभेत जे बोललं गेलं ते देशाचं, आणि तेच ढोलकीवर गायलं की एका जातीचं, हे कसं? १५ ऑगस्टला म्हणायला याहून योग्य गाणं मला तरी ठाऊक नाही.

'१४ एप्रिलला म्हण' या वाक्यात सगळं आलं. गावकुसाबाहेर वस्ती दिली होती, तशी वर्षाबाहेर एक तारीख दिली. त्या दिवशी वाजवा, नाचा, रस्ता तुमचा. उरलेले ३६४ दिवस मुख्य मंच आमचा. आपल्या गाण्याला 'जयंतीचं गाणं' म्हणणं हा प्रेमळ शब्दांतला बहिष्कारच आहे. पीटरसनच्या रचनेला कुणी 'काळ्यांच्या सणाचं संगीत' म्हणत नाही. ती जगभरची वृंदगान मंडळं गातात. मग वामनदादाच एका समाजाचे कसे?

आता हे गाणं यादीबाहेर राहिलं कसं, ते समजून घेऊ. फक्त शिव्या देऊन भागत नाही. लोकप्रिय संगीताचा इतिहास लिहिला जातो तो कंपनीच्या, रेडिओच्या आणि सिनेमाच्या कागदांवरून. रेकॉर्ड कधी निघाली, किती खपली, कोणत्या थिएटरात किती आठवडे चालली. जलशाला यातलं काहीच नव्हतं. जलसा रात्री नऊला गॅसबत्तीच्या उजेडात सुरू होई आणि पहाटे संपे. त्याची तारीख लोकांच्या आठवणीत, 'पोळ्याच्या आधी' किंवा 'दुष्काळाच्या साली' अशी. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तीस-चाळीसच्या दशकात गावंच्या गावं जागी केली. आपली दहा भाषणं आणि यांचा एक जलसा सारखा, असं बाबासाहेब म्हणाल्याचं चळवळीत आजही सांगतात. पण त्या रात्रींचं ध्वनिमुद्रण कुठे आहे? ज्या कंपन्यांकडे यंत्रं होती त्यांना हा आवाज विकत घ्यायचा नव्हता, आणि ज्यांचा हा आवाज होता त्यांच्याकडे यंत्रं नव्हती.

ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली तेव्हा चित्र पालटलं. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, पुढे आनंद आणि मिलिंद शिंदे यांचे आवाज टेपरेकॉर्डरवर आले. आमच्याकडे ही गाणी रेल्वेने आली म्हटलं तरी चालेल. मनमाड ते सिकंदराबाद हा जुना मार्ग सेलूवरून जातो. पोटासाठी मुंबईला गेलेले आमचे लोक सणासुदीला याच गाडीने परतायचे, आणि पिशवीत लुगड्याच्या घडीत कॅसेट असायची. वस्तीत एकाच घरी टेप. सगळी आळी अंगणात. फीत गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायची. याच मार्गाच्या पलीकडच्या टोकाला, मनमाडला, फेब्रुवारी १९३८ मध्ये बाबासाहेबांनी रेल्वे कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले होते. विचार आणि गाणं एकाच रुळावरून आमच्यापर्यंत पोचलं.

लोकप्रिय म्हणजे लोकांना प्रिय, एवढाच अर्थ धरला तर ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपुरात, आणि १४ एप्रिलला महाराष्ट्राच्या प्रत्येक खेड्यात जे ऐकलं जातं त्याहून लोकप्रिय संगीत कोणतं? शे स्टेडियमचा तो कार्यक्रम एकदा झाला. आपला दरसाल होतो.

इथे आपलेच काही साथी म्हणतील, "त्यांच्या यादीत आपलं नाव कशाला हवं? त्यांच्या मान्यतेची भीक कशाला?" हा आक्षेप मला मोलाचा वाटतो. पण आपल्या चळवळीने पहिल्यापासून काय केलं ते पाहा. बाबासाहेबांनी आपल्याला तारखा दिल्या. २० मार्च, चवदार तळं. २५ डिसेंबर, मनुस्मृती दहन. १४ ऑक्टोबर, धम्मदीक्षा. पंचांग टाकून आपण स्वतःचं कॅलेंडर उभं केलं. मुहूर्त मोडून इतिहास धरला. म्हणून मी भीक मागा म्हणत नाही. आपलंच कॅलेंडर अपुरं आहे, ते पुरं करा म्हणतो. त्यात नेते आहेत, हुतात्मे आहेत. गाणारे कुठे आहेत?

१ ऑगस्ट घ्या. १९२० च्या त्या दिवशी लोकमान्य टिळक वारले आणि वाटेगावला अण्णाभाऊ साठे जन्मले. अनेक वर्षं कार्यालयांच्या भिंतीवर त्या दिवशी एकच फोटो असायचा. आज दोन असतात. तो दुसरा फोटो सरकारला आपोआप सुचला नाही. लोकांनी सतत मागितला, मिरवणुका काढल्या, लिहिलं, गायलं, तेव्हा लागला. तारीख मिळवावी लागते.

आणि आता थोडं आपल्या घरातलं बोलू. डीजेवर माझा राग नाही. ज्या पोराला वर्षभर मान खाली घालून चालावं लागतं, तो जयंतीला छाती काढून नाचला तर त्याला संस्कृती शिकवायला मी जाणार नाही. पण डीजेच्या भिंतीतून वाजणारं गाणं कुणी लिहिलं हे त्या पोराला विचारा. गायकाचं नाव कदाचित सांगेल, मिक्स करणाऱ्याचं नक्की सांगेल. कवीचं नाही. यूट्यूबवर वामनदादांची गाणी टाकलेली दिसतात, खाली चॅनेलचं नाव मोठ्या अक्षरात आणि गीतकाराची जागा कोरी. कंपन्यांनी आपली नावं लिहिली नाहीत हे आपण ओरडून सांगतो, आणि आपणच आपल्या कवीचं नाव पुसतो. वामनदादांनी तर आपल्या गाण्यांच्या शेवटी स्वतःचं नाव गुंफून ठेवलं, जुन्या संतांसारखं. रिमिक्स करणारे नेमकं ते शेवटचं कडवंच कापतात, कारण ठेका तीन मिनिटांत संपवायचा असतो.

बायांचं तर याहून वाईट. बाबासाहेबांवरच्या जात्यावरच्या ओव्या आपल्या आज्यांनी रचल्या, पहाटे दळताना. शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात, गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने १९९६ मध्ये अशा ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. महाराष्ट्रभरातल्या लाखभर ओव्यांचा तो ठेवा आता 'पारी' संकेतस्थळावर ऐकता येतो, आणि तिथे प्रत्येक बाईचं नाव आहे, गाव आहे. माजलगाव आमच्यापासून कितीसं लांब? आमच्या तालुक्यातल्या आज्यांच्या ओव्या मात्र कुणी घेतल्या नाहीत. गिरण्या आल्या, जाती उंबऱ्याच्या पायऱ्या झाली, आणि आता त्या ओव्या जाणाऱ्या आज्या दरसाल कमी होताहेत. यासाठी ना निधी लागतो ना परवानगी. खिशातला मोबाईल आणि शेजारच्या घरी जाऊन बसायला एक दुपार लागते.

म्हणून तीन साध्या गोष्टी मांडतो. प्रत्येक विहारात, प्रत्येक मंडळाने त्यावर बोलावं, पटलं नाही तर भांडावं.

एक, १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की विहारात तासभर वामनदादा जयंती. हारतुऱ्यावर न थांबता, गाणी म्हणून. आधी संविधानाची उद्देशिका, मग गाणी. शाळेतल्या कार्यक्रमासाठीही पोरांकडून त्यांचं एक गाणं बसवून घ्यावं, आणि कुणी '१४ एप्रिलला म्हण' म्हटलं तर पालकांनी जाऊन शांतपणे २५ नोव्हेंबरचं भाषण हातात द्यावं.

दोन, आपल्या कोणत्याही मंचावर, डीजेवरसुद्धा, गाणं लागण्याआधी कवीचं नाव घ्यायचं. पाच सेकंद लागतात. यूट्यूबवर गाणं टाकणाऱ्या आपल्या पोरांनी पहिल्या ओळीत गीतकार लिहायचा.

तीन, आपलं गाण्याचं कॅलेंडर आपण लिहायचं. १५ मे आणि १५ ऑगस्ट वामनदादांचे. १८ जुलै हा अण्णाभाऊंचा स्मृतिदिन. १५ जुलै विलास घोगरे यांचा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात आपली दहा माणसं गेली आणि चार दिवसांनी या शाहिराने आपला जीव दिला. आणि या मोठ्या नावांच्या जोडीला प्रत्येक गावाने आपल्या गावचा शाहीर, पेटीवाला, ढोलकीवाला, ओवी म्हणणारी आजी यांची तारीख टाकायची. जन्मतारीख माहीत नसेल तर त्यांनाच विचारायचं, कोणती धरायची. त्यांनी सांगितलेला दिवस तोच खरा.

त्या मुलीला मी एवढंच म्हटलं होतं, की पोरी, हे गाणं देशाचं आहे. देशाला अजून पाठ झालेलं नाही. पाठ करून घ्यायचं काम तुझं-माझं आहे. यंदा ती बारावीला आहे. १५ ऑगस्टच्या कार्यक्रमात वस्तीतल्या लहान पोरांकडून ती गाणी बसवून घेणार आहे, आणि प्रत्येक गाण्याआधी कवीचं नाव कोण पुकारणार याच्यावरून पोरांत आत्ताच भांडणं लागली आहेत.

जयभीम!